तीळ आणि गुळाचं बिनसलं

*ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी सहावीत आहे. तिच्या हट्टापायी संक्रांतीला सशाची दोन पिल्लं आणली. दुकानदार म्हणाला, दोघे सख्खे भाऊ, दोघेही नर, दोन महिन्यांचे. संक्रांतीचे म्हणून नावं ठेवली तीळ आणि गूळ. तीन महिने एका ताटात जेवले, एकमेकांच्या अंगावर झोपले. पाडव्यानंतर मात्र काहीतरी बिघडलं. दोघं भिंतीवर, पलंगावर मुतू लागले, लेंड्या घरभर. तीळ सारखा गुळाच्या पाठीवर चढतो. मुलीच्या पायांभोवती गुरगुरत गोल गोल फिरतो, तिला वाटतं नाचतोय. गेल्या रविवारी रात्री गॅलरीत इतकी जुंपली की सकाळी सगळीकडे केसांचे पुंजके होते. गुळाच्या मांडीजवळ चावा आहे, त्याला हळद लावली. मुलगी रडते, त्यामुळे दिवसा अजून एकत्रच सोडतो. शेजारचे म्हणतात, लढू द्या, आपोआप ठरेल कोण मोठा. सासूबाई म्हणतात, एक मादी आणा, शांत होतील. मिस्टर म्हणतात, एकाला मित्राच्या शेतावर सोडू. एका डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ऑपरेशन करता येईल, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून आणा. काय करू? नाव छापू नका.*

नमस्कार,

हे वाचून झालं की आधी उठा आणि दोघांना वेगळं करा. दिवसाही, मुलगी रडली तरीही. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

वेगळं केलंत? आता गुळाची मांडी बघू. सशाचं कातडं पातळ असतं आणि केस दाट, त्यामुळे वरून टिकलीएवढी दिसणारी जखम आत खोल असू शकते. नरांच्या भांडणात दात मुद्दाम मांड्यांच्या मधे, वृषणांवर मारलेले असतात. प्रतिस्पर्ध्याला तिथेच निकामी करायचं, असा तो हिशेब असतो. तेव्हा मांडीजवळचा चावा म्हणजे नेम थोडक्यात चुकलेला आहे एवढंच समजा. हळद नको. तो ती चाटणार, आणि हळदीखाली जखम कशी आहे ते तुम्हालाही दिसणार नाही. मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, जखमेच्या भोवतीचे केस बाजूला करा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. आपल्यासारखा पातळ पू सशाला होत नाही. त्याचा पू श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट असतो. आपोआप वाहून जात नाही, आतच गाठ धरतो आणि मग कापून काढावा लागतो. उन्हाळ्यात माश्याही असतात. माशी जखमेवर बसली की एका दिवसात अळ्या. डॉक्टर प्रतिजैविक देतील ते द्या, पण तोंडावाटे द्यायचं पेनिसिलिन गटातलं औषध (अमॉक्सिसिलिन त्यातलंच) सशाला चालत नाही. पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि मग ससाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर घाईत हे विसरू शकतात. विचारायला लाजू नका.

आता मूळ गोष्ट. तीळ वाईट नाही, गूळ दुबळा नाही, आणि तुमच्या हातून काही चुकलेलंही नाही. दोघं पाच महिन्यांचे झाले, इतकंच. नराचे वृषण साधारण अडीच-तीन महिन्यांचा असताना खाली उतरतात आणि साडेतीन-चार महिन्यांपासून हार्मोन अंगात येतात. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण त्याचंच. मुताची पिचकारी, लेंड्या पेरत हद्द आखणं, हनुवटी वस्तूंवर घासणं (हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण होत असणार, टेबलाच्या पायांकडे बघा), पाठीवर चढणं. मुलीच्या पायांभोवतीचा नाच आणि ती गुरगुर म्हणजे प्रणयाराधन आहे. सहावीतल्या मुलीला हे सरळ सांगा. तिला ते समजतं, आणि आई चोरून काही बोलत नाही हेही समजतं.

एका आईचे, एका वेळचे, एकत्र वाढलेले, हे सगळं सशाच्या दृष्टीने वयात येईपर्यंतच. त्यानंतर समोरचा भाऊ नसतो, समोर दुसरा नर असतो. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण पिल्लं जोडीने लवकर खपतात.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देते. आपले पाळीव ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या रानटी सशांच्या वंशातले. ते जमिनीखाली बिळांची वसाहत करून कळपाने राहतात, आणि नरांमध्ये कोण वरचा कोण खालचा हे ठरलेलं असतं. लढाई होते, हरलेला पळून जातो, प्रकरण मिटतं. यातला ‘पळून जातो’ हा भाग तुमच्या गॅलरीत कुठे आहे? दहा फुटांवर भिंत. हरलेला ससा कोपऱ्यात सापडतो, जिंकलेला थांबत नाही. ससेहोलपट हा शब्द आपण माणसांसाठी वापरून वापरून गुळगुळीत केलाय. तो मुळात कसा दिसतो हे रविवारी रात्री तुमच्या गॅलरीत घडलं.

शेताचं काय? मिस्टरांना सांगा, माळावर उड्या मारताना दिसतो तो ससा वेगळ्या जातीचा. तो बीळ खणत नाही, एकटा राहतो, पिल्लंसुद्धा उघड्यावर घालतो, आणि ती जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात. मराठीत दोघांना एकच शब्द आहे म्हणून घोटाळा होतो. फ्लॅटमध्ये वाढलेला गूळ शेतावर सोडला तर कुत्रा, मुंगूस, घार यांपैकी कोण आधी येतं एवढाच प्रश्न उरतो. कुणाला द्यायचाच झाला तर सशांची माहिती असलेल्या घरात द्या. पण तो निर्णय आत्ता घेऊ नका. आत्ता तुमच्या घरात आहे तो तीळ नव्हे, अंगात आलेला तीळ आहे. तीन महिन्यांनी जो असेल त्याच्याकडे बघून ठरवा.

सासूबाईंचा सल्ला मात्र सगळ्यांत महागात पडेल. दोन नरांच्या नाकाला मादीचा वास लागला की आत्ता चाललंय ते पोरखेळ वाटेल. आणि सशीण महिन्याभरात वितेही, साधारण एकतीस दिवसांत. व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दिवाळीपर्यंत तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. हो, आणि यावरून आठवलं, ते दोघं खरंच नर आहेत का हे डॉक्टरांकडून बघून घ्या. दुकानात पिल्लांचं लिंग ओळखण्यात चूक होणं फार सामान्य आहे.

सासूबाईंना दुसऱ्या वाटेने समजावता येईल. त्या गावाकडच्या असतील तर त्यांनी खोंडं पाहिलेली असणार. दोन खोंडं एका दावणीला बांधली तर काय होतं हे त्यांना तुम्ही सांगायला नको. तीच दोन खच्ची केली की पुढची दहा वर्षं एका जुवाखाली मान घालून चालतात, एक पुढे गेला तर दुसरा हंबरतो. सशाचं अगदी तसंच आहे. फरक इतकाच, की इथे चिमटा नाही, भूल देऊन केलेलं ऑपरेशन आहे. ‘मुक्या जिवावर अन्याय’ असं त्या म्हणाल्या तर गुळाची मांडी दाखवा.

तर ऑपरेशन. दोघांचंही, शक्यतो एकाच दिवशी. फक्त तिळाचं करून भागत नाही. महिन्याभरात गूळ वरचढ होईल आणि भूमिका बदलून तोच खेळ सुरू होईल. वय योग्य आहे, बहुतेक डॉक्टर चार-पाच महिन्यांच्या नरावर हे करतात. शब्द नीट वापरा: नुसती नस बांधून पिल्लं थांबतील, भांडणं नाही. वृषण काढावे लागतात.

ज्या डॉक्टरांनी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं, त्यांच्याकडे नेऊ नका. ते वाईट डॉक्टर आहेत असं नाही, कुत्र्यामांजरांचे चांगलेही असतील. कुत्रा भुलेत उलटी करील म्हणून त्याला उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, शरीराची रचनाच तशी. उलट त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, उपास घडला की ते बसतं, आणि बसलेलं आतडं सशाचा जीव घेऊ शकतं. म्हणजे ‘उपाशी आणा’ याचा अर्थ एवढाच, की त्यांनी ससे फारसे केलेले नाहीत. दुसरा डॉक्टर शोधताना चार गोष्टी विचारा: आतापर्यंत किती सशांची ऑपरेशनं केलीत, भूल वायूची देता की सुईची, नंतर वेदनाशामक किती दिवस देणार, आणि उपाशी ठेवायचं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, गवत बरोबर घेऊन या’ असं आलं तर बाकीची उत्तरं बहुधा बरोबर येतात. असा पशुवैद्य गावात नसेल तर पुण्या-मुंबईपर्यंत जायची तयारी ठेवा. भूल हा सशाच्या बाबतीत थोडा जोखमीचा प्रकार आहे हे मी लपवणार नाही. म्हणून तर सवयीचा हात हवा.

उन्हाळा आहे म्हणून पावसापर्यंत थांबू का, असं मनात येईल. थांबू नका, फक्त नेणं-आणणं पहाटे करा. सशाला घाम येत नाही, कानांतूनच काय ती उष्णता बाहेर जाते, आणि पारा तिशीच्या वर गेला की तो त्रासात असतो. गॅलरी एप्रिल-मे मध्ये बंदच ठेवा. घरातली सर्वांत गार फरशी त्यांची. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पंच्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली की ते तिला टेकून पडतात. तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर कान गार पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. थंड पाण्यात बुडवू नका.

घरी आणल्यावर लाकडाचा भुसा नको, स्वच्छ टॉवेल अंथरा. त्या संध्याकाळी तुमचं काम एकच: खातो का आणि लेंड्या पडतात का. बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. कोथिंबीर नाकाशी धरली की बरेचसे ससे भुलेतून पुरते उठायच्या आतच चघळायला लागतात. ते दृश्य बघून तुमची मुलगी हसेल.

यानंतर येतं ते सगळ्यांत अवघड काम, म्हणजे काहीच न करणं. सहा आठवडे.

वृषण गेले तरी रक्तातले हार्मोन उतरायला महिना-दीड महिना लागतो. तेवढेच दिवस त्याच्यापासून मादीला पिल्लंही होऊ शकतात, म्हणून या काळात मादीजवळही नको. तिसऱ्या आठवड्यात दोघं शांत दिसू लागतात आणि घरातला प्रत्येक जण म्हणतो, आता सोडून बघू. मीही म्हटलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन नर होते. गणपतीला पाहुणे येणार, दोन पिंजऱ्यांना जागा नाही, म्हणून एकविसाव्या दिवशी एकत्र केले. एका मिनिटात एकाच्या कानाची पाळी फाटली. माझा हात मधे गेला, अंगठ्यावरचा वण अजून आहे. पुढे त्या दोघांना एका खोलीत आणायला चार महिने लागले, कारण सशाला भांडण लक्षात राहतं. सहा आठवडे थांबले असते तर बहुतेक पंधरा दिवसांत जमलं असतं. तुमचं मेच्या पहिल्या आठवड्यात झालं तर जूनच्या मध्यावर याल. पाऊस पडलेला असेल, तेही गार झालेले असतील.

या काळात दोघं एकाच खोलीत, शेजारी शेजारी, पण दोन जाळ्यांमध्ये किमान चार बोटं अंतर ठेवून राहू देत. एकाच जाळीच्या दोन बाजूंना ठेवलंत तर नाकं फाटतात. पहिले काही दिवस जाळीवर झेपावतील, तेव्हा मधे चादर टाका. महिना झाला की त्यांच्या मुतायच्या तसराळ्या अदलाबदल करायला लागा, अंथरलेली फडकी या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात टाका, आणि जेवण दोघांचं जाळीला लागून, समोरासमोर. समोर तोंड करून शांतपणे खाऊ लागले की अर्धी लढाई झाली. याच सहा आठवड्यांत गॅलरी आणि खोली पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसून काढा. तुम्हाला वास येत नसला तरी त्यांच्या लेखी तिथे दोन मालकांच्या पाट्या लागलेल्या आहेत.

भेट घडवायची ती या दोघांपैकी कुणीच पूर्वी पाय न ठेवलेल्या जागी. शेजाऱ्यांना सल्ले द्यायची हौस आहे तर त्यांची मोकळी खोली मागा. नाहीतर तुमची बाथरूम, पण फरशीवर सतरंजी अंथरून, नाहीतर पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरला की चावतो. कोथिंबिरीच्या दोन जुड्या दोन ठिकाणी, गवताचे दोन ढीग, पाण्याची दोन भांडी. पुठ्ठ्याचे खोके ठेवलेत तर दोन्ही बाजूंनी उघडे. एकच तोंड असलेला खोका म्हणजे सापळा. तुमच्या पायांत बूट आणि हातात केराची सुपली असू द्या. पेटलंच तर सुपली मधे घालायची, हात नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. काय चालेल? थोडा पाठलाग, दोन-चार सेकंद पाठीवर चढणं, एखाद-दुसरा केसांचा पुंजका. मान मिळवायची त्यांची ती रीत आहे, दर वेळी मधे पडलात तर ते कधीच ठरणार नाही. फक्त उलटा, म्हणजे डोक्याच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, कारण खालच्याचे दात तेव्हा नेमके नको तिथे पोचतात. कान मागे चपटे, शेपटी वर आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे भोवऱ्यासारखे फिरू लागले, की थांबवा. तो भोवरा दोन सेकंदांत लढाई होतो. एकमेकांकडे पाठ करून अंग चाटत बसले तर ‘बोलत नाहीत’ म्हणून खट्टू होऊ नका. पाठ दाखवणं हा सशाच्या हिशेबात मोठा विश्वास आहे. एक जण डोकं खाली करून दुसऱ्यापुढे सरकेल, म्हणजे ‘माझं कपाळ चाट’. दुसऱ्याने चाटलं की समजा गाडी रुळावर आली. चाटलं नाही तरी डोकं खाली घालणाऱ्याने चिडून चावा घेतला नाही, इतकं पहिल्या आठवड्यात पुरतं.

रोज करा, वेळ वाढवत न्या, आणि बरं चाललेलं असतानाच थांबवा. काही जण सशांना टोपलीत घालून गाडीतून फिरवतात, भीतीने एकमेकांना बिलगतील म्हणून. बिलगतात खरे. पण भीतीने बिलगलेला ससा घरी येऊन भीती उतरली की पुन्हा पहिल्यासारखाच असतो. मला तो प्रकार पटत नाही. सलग दोन दिवस, झोपेसकट, तुमच्या नजरेखाली कुरबुरीशिवाय गेले की मग रात्री एकत्र ठेवा. त्यानंतर त्यांना कधी वेगळं करू नका. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दुसराही टोपलीत. दवाखान्याचा वास घेऊन एकटा परत आलेला ससा घरच्याला परका वाटतो.

दोन नरांची जोडी जमते का? ऑपरेशन झालेल्यांची जमते, शशशृंगाची गोष्ट नाही ही. ऑपरेशन झालेला नर आणि ऑपरेशन झालेली मादी यांची जास्त सहज जमते, हेही खरं. आणि काहींची कशानेही जमत नाही. तुमच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे, तीन महिने ते सुखाने राहिलेत, आणि एक उणी, भांडण रक्तापर्यंत गेलंय. दिवाळीपर्यंतही जमलं नाही, तर जाळीच्या दोन बाजूंना आपापल्या हद्दीत, एकमेकांच्या वासात आणि नजरेत ते आठ-दहा वर्षं मजेत काढू शकतात. तसे ससे मी पाहिलेत. जाळीला अंग लावून झोपतात, आणि जाळी काढली तर मारामारी करतात. आपल्याकडे काही भाऊबंद असेच नांदतात, बांध मधे ठेवून.

मुलीला एक काम द्या. दोन रकान्यांची वही करू दे, तीळ आणि गूळ, रोज कोणी किती खाल्लं आणि लेंड्या कशा आहेत ते लिहायचं. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग होईलच, शिवाय रडण्यापेक्षा तिला ते बरं वाटेल. डॉक्टर ठरले की कळवा. आणि आज रात्री झोपण्याआधी गुळाची जखम टॉर्च धरून एकदा बघा. सुजली असेल, गरम लागत असेल किंवा त्याने ताटातलं गवत तसंच ठेवलं असेल, तर उद्याची वाट बघू नका.